हरकतीची मुदत

परात दारातून आडवी येईना, तेव्हा परीक्षितने ती उभी केली आणि छातीशी धरून, एक खांदा पुढे काढत आत आणली.

"सांभाळून रे, भिंतीला नुकताच रंग दिलाय," मिलिंद जिन्यावरून म्हणाला.

"रंग काय, दुकानात मिळतो मिलिंददादा. एवढी परात क्रॉयडनमध्ये कुठे मिळते ते सांगा."

मिलिंदची बायको सुचेता दार धरून उभी होती. बाहेर फेब्रुवारीची दुपार होती, दिवे लावावेत की नाही असा विचार पडावा इतपतच उजेडाची. रस्त्याकडेला परीक्षितची गाडी डिकी उघडी टाकून उभी होती आणि डिकीत मंडळाचा सगळा संसार दिसत होता. दोन मोठी पातेली, झारे, डाव, चादरीत गुंडाळलेली समई. दक्षिण लंडनच्या या मराठी मंडळात गॅरेज असलेला माणूस एकच, आणि तो राहायला साउथहॅम्प्टनला. त्यामुळे गणपती असो की संक्रांत, भांडी मोटरवेने यायची आणि घासूनपुसून पुन्हा मोटरवेने परत जायची. त्याबद्दल परीक्षितने कधी कुरकूर केली नव्हती. आज मात्र तो ती कायमची ठेवायला आला होता.

"उन्हाळ्यात आम्ही इथे असू की नाही, काही सांगता येत नाही," फोनवर तो म्हणाला होता. "शुक्रवारी व्हिसाच्या कामासाठी क्रॉयडनला यायचंच आहे, तर भांडी तुमच्याकडे टाकून जातो. चालेल ना ताई?"

चालेल, असं सुचेता म्हणाली होती. खरं तर चालण्यासारखं नव्हतं, निदान या शुक्रवारी तरी. ते त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. पण परातीला आणि पातेल्यांना कोण नाही म्हणणार? कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

ते काम असं होतं. सुचेता एका सरकारी खात्याच्या खरेदी विभागात होती. इथल्या विद्यापीठांचे आणि प्रयोगशाळांचे प्रयोग अंतराळ स्थानकावर पोचवायचे आणि परत आणायचे, ही जबाबदारी त्या खात्याची. पण सरकार काही स्वतः पेट्या उचलत नाही. रॉकेट परदेशातलं, यानातली जागा भाड्याची, आणि मधली सगळी हमाली, म्हणजे माल गोळा करणं, तपासणं, बांधणं, वेळेवर चढवणं, एखाद्या खासगी कंपनीला कंत्राटाने द्यायची. पुढच्या काही वर्षांचं ते कंत्राट या हिवाळ्यात निघालं. शेवटच्या फेरीत दोन कंपन्या उरल्या. एक बलाढ्य, चार देशांत कचेऱ्या असलेली. दुसरी टर्नस्टोन, साउथहॅम्प्टनच्या गोदीजवळची, मूठभर माणसांची. टर्नस्टोनचा प्रस्ताव परीक्षितने लिहिला होता. गुण देणाऱ्या समितीत सुचेता होती.

टर्नस्टोन हरली. निकालानंतर सही करण्याआधी सरकार काही दिवस हात बांधून बसतं, हरलेल्याला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी म्हणून. ती मुदत आज रात्री संपत होती. आणि टर्नस्टोन ज्या एका गुणाने हरली, तो गुण सुचेताने कापला होता.

"पातेली कुठे ठेवू ताई?"

"शेडमध्ये. थांब, मी किल्ली आणते."

किल्ली समोरच्या खुंटीवर होती. तिने ती दोनदा बघूनही तिला दिसली नाही.

परीक्षितशी ओळख आहे, हे तिने समितीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती. समितीचा प्रमुख हॉवर्ड, निवृत्तीला टेकलेला शांत गृहस्थ, म्हणाला होता, "त्याच्या घरी जेवली आहेस, त्याच्याशी लग्न नाही केलंस. पुढे चल." विषय तिथेच मिटला होता, सगळ्यांच्या लेखी.

मग तिने दोन्ही प्रस्ताव वाचले. अशा मालवाहतुकीत खरी गोची असते ती अगदी शेवटी चढवायच्या मालाची. जिवंत पेशी, बिया, थंड ठेवलेले नमुने उड्डाणाच्या आदल्या दिवशी येतात, तोवर बाकीचं सगळं बांधून झालेलं असतं. मोठ्या कंपनीने त्यावर पानंच्या पानं लिहिली होती आणि त्यातून निघत एवढंच होतं की आम्ही बांधलेलं सोडू आणि पुन्हा बांधू. परीक्षितने लिहिलं होतं की बांधलेलं सोडावंच लागणार नाही. त्याने पहिल्यापासून पोकळी ठेवून बाकीचा माल तिच्याभोवती रचला होता. वाचताना सुचेताला हसू आलं. मंडळाची भांडी डिकीत भरताना तो हेच करायचा. वैभवीचा, त्याच्या बायकोचा, शिऱ्याचा डबा कायम शेवटी आणि गरमागरम यायचा, त्याच्यासाठी तो पातेल्यांच्या मधोमध आधीच जागा सोडून ठेवायचा. तिने पाचपैकी चार गुण दिले. पाच द्यायला हरकत नव्हती, पण पाच ती कुणालाच देत नसे.

घोळ झाला तो एकत्र बसून गुण पक्के करायच्या बैठकीत. टर्नस्टोनचं ते पान उघडलं तेव्हा शेजारची फिलिपा अगदी सहज, चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाली, "सुचेता, तू ओळखतेस ना याला? कसा आहे माणूस?"

बाईच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. पण सुचेताचे कान तापले. सगळे तिच्याकडे बघताहेत असं तिला वाटलं. बघत होतेही, कारण प्रश्न तिला विचारला होता. ती म्हणाली, "समारंभात भेट होते, तेवढंच." आणि मग, कुणी न विचारता, "मला वाटतं, इथे आपण जरा सढळ हाताने गुण दिलेत."

पुढे ती फार चांगलं बोलली. ही रचना प्रत्यक्ष यानात एकदाही वापरून पाहिलेली नाही, पुरावा कागदावरच आहे, सरकारी पैशाला एवढ्यावर विसंबता येणार नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. मोठ्या कंपनीनेही आपली रचना कुठे वापरून पाहिली नव्हती, हेही तितकंच खरं होतं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि सुचेताने ते लक्षात आणून दिलं नाही. चाराचे तीन झाले. बाकीच्यांनीही आपापले गुण तिच्या गुणाशी जुळवून घेतले. बाहेर पडताना हॉवर्डने तिचा खांदा थोपटून म्हटलं, "याला म्हणतात काटेकोरपणा." त्या दिवशी ट्रॅममधून घरी येताना तिला फार हलकं वाटलं होतं, याची तिला आता सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग वागतं. सुचेताच्या घरात ती म्हण उलटी चालायची. वडील वर्ध्याला शाळेत गणित शिकवायचे आणि नेमकी त्यांच्याच वर्गात ती होती. तिचा पेपर तपासताना ते हात आखडता घेत. उत्तर बरोबर, पायऱ्या बरोबर, तरी दोन गुण गायब. "सरांची पोरगी म्हणून दिले, असं कुणी म्हणायला नको," एवढंच कारण. घरी पाहुणे आले की आई ही गोष्ट कौतुकाने सांगायची, पाहुणे माना डोलवायचे, आणि पोह्यांची बशी घेऊन उभी असलेली सुचेताही फुशारून जायची. एका वर्षी त्या दोन गुणांपायी तिचा पहिला नंबर गेला. तेव्हाही ती रडली नाही. आपल्या माणसाला थोडं कमी द्यायचं म्हणजे आपण स्वच्छ, हे तिने तेव्हाच पक्कं करून टाकलं. फरक एवढाच की वडिलांनी कापलेले गुण त्यांच्या घरातले होते. तिने कापलेला गुण दुसऱ्याच्या घरातला होता.

शेडमध्ये पातेली एकात एक बसवून परीक्षित हात झटकत आत आला. मिलिंदने चहा टाकला होता. घरून काम करायच्या दिवशी चहा त्याच्याकडे असे, आणि तो आलं इतकं घालायचा की पाहुण्याची सर्दी परस्पर बरी व्हावी.

"काय न्याय आहे बघ," मिलिंद म्हणाला. "तुम्ही दोघं आकाशात सामान पाठवणारे मोठे लोक, आणि पातेली मात्र या गरिबाच्या शेडमध्ये."

परीक्षित हसला. सुचेताही हसली, जरा उशिरा.

"व्हिसाचं काय म्हणाले?" मिलिंदने विचारलं.

"काय म्हणणार? नवा स्पॉन्सर शोधा, म्हणजे व्हिसासकट नोकरी देणारी कंपनी. शोधतोय ना. इंटरव्ह्यू मस्त होतो, मग मी स्पॉन्सरशिपचं विचारतो आणि एकदम सगळे वेदरवर बोलायला लागतात." त्याने कपावर फुंकर घातली. "आमची टीम उभीच केली होती या..." तो थांबला. सुचेताकडे न बघता त्याने वाक्य बदललं. "म्हणजे, टीम बंद करताहेत. मार्च एंडला."

"आणि ईरा?"

"तिची जीसीएसई आहे जूनमध्ये. तेवढी कशीबशी होऊ दे म्हणतोय. परवा मला विचारते, 'बाबा, नागपूरचा शाळा कसा असतो?' मी म्हटलं, बेटा, सगळ्यात आधी ती शाळा असते."

मिलिंद मोठ्याने हसला. परीक्षितची मुलगी इथे जन्मलेली नव्हती, पण चालायला इथेच शिकली होती आणि आता इथल्या दहावीला, म्हणजे जीसीएसईला, बसणार होती.

"वैभवी कशी आहे?" सुचेताने विचारलं. एवढं तरी विचारायलाच हवं होतं.

"बरी आहे. काही बोलत नाही, कपाटं आवरत बसते. एक कपाट आवरून झालं की तेच पुन्हा आवरते."

सुचेताने बशीतली चकली उचलली आणि परत ठेवली. गेला आठवडाभर तिचं असंच चाललं होतं. रोज सकाळी ऑफिसचा मेल उघडला की ती आधी एकच गोष्ट बघायची, टर्नस्टोनची हरकत आली का. नसली की सुटकेचा श्वास टाकायची, आणि तो टाकून होतो न होतो तोच तिला स्वतःची किळस यायची. कारण ती हरकत यावी असं तिला मनापासून वाटत होतं. हरकत आली की चौकशी होणार, चौकशीत तिने आधी दिलेला चार आणि नंतरचा तीन शेजारी शेजारी येणार, कुणीतरी विचारणार की हे मधे काय झालं. मग ती सांगून टाकेल. विचारल्यावर खोटं बोलणारी ती नव्हती. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. टर्नस्टोनच्या खांद्यावर बंदूक ठेवून तिला खरं बोलायचं होतं, आणि हे आपल्याला कळतंय, याचंही तिला काही समाधान नव्हतं.

खरं म्हणजे तो तीन कुणी चूक ठरवू शकलं नसतं. तीनही देता येत होते, चारही देता येत होते. गुण देणाऱ्याने कशामुळे दिले, हे फक्त गुण देणाऱ्यालाच ठाऊक असतं. तिने तो प्रस्तावाकडे बघून दिला नव्हता, फिलिपाच्या बिस्किटाकडे बघत दिला होता.

वरच्या मजल्यावर मिलिंदच्या लॅपटॉपने घंटी वाजवली. "झालं, माझी मीटिंग," तो म्हणाला. "परीक्षित, जेवूनच जा. पिठलं टाकतो." आणि कप घेऊन वर गेला.

स्वयंपाकघरात दोघंच उरली. मागच्या रुळांवरून गाडी गेली, खिडकीच्या काचा जरा थरथरल्या. परीक्षितने आपला कप स्वतः उठून विसळला, पालथा घातला आणि सिंकजवळच उभा राहिला.

"ताई, एक सांगतो आणि मग विषय बंद," तो म्हणाला. "तुम्ही काही बोलायचं नाही. मी माझ्या बाजूचं सांगतोय, त्याला काही नियम आडवा येत नाही. मी बघून घेतलंय."

"बोल," ती म्हणाली. आता येणार. डंकन हरकत घेतोय, असं तो सांगणार. डंकन म्हणजे टर्नस्टोनचा मालक.

"डंकनने वकील लावला होता. गेल्या सोमवारपासूनच. वकिलाचं म्हणणं पडलं की लेट लोडिंगच्या, म्हणजे शेवटी चढवायच्या मालाच्या भागात काहीतरी जुळत नाही. तुमच्याकडून जो फीडबॅक आला त्यात सगळं चांगलंच लिहिलंय, आणि मार्क तीन. हे बोट ठेवण्यासारखं आहे, चॅलेंज करा, म्हणाला. सगळं तयार होतं. आज सकाळी पाठवायचं होतं."

"मग?"

"मग डंकनने सगळ्यांसमोर मला विचारलं. हा भाग तू लिहिलास, तू सांग, याला जास्त मिळायला हवे होते का?" परीक्षितने ओला हात पँटला पुसला. "खोटं कशाला बोलू? मला वाटत होतं मिळायला हवे होते. पण ते वाटणारच ना, पोर माझं आहे. म्हणून मी म्हटलं, त्या पॅनेलवर एक बाई आहेत. प्रेझेंटेशनच्या वेळी समोर बसल्या होत्या, सगळ्यात कडक प्रश्न त्यांनीच विचारले. मी ओळखतो त्यांना. ओळखीखातर अर्धा मार्क जास्त देणाऱ्यातल्या त्या नाहीत. आणि कमी देणाऱ्यातल्याही नाहीत. त्यांनी तीनवर सही केली असेल, तर ते तीनचंच आहे."

सुचेताने चकल्यांची बशी उचलून ओट्यावर ठेवली.

"डंकनला माझ्याकडून वेगळं उत्तर हवं होतं. शेवटी म्हणाला, तुझी एवढी खात्री असेल तर मी कोर्टकचेरीत पैसा घालत नाही. वकिलाला तिथल्या तिथे फोन करून नको म्हणून सांगितलं." तो ओशाळल्यासारखा हसला. "ऑफिसमधले दोघं-तिघं बोलत नाहीयेत माझ्याशी. त्यांच्याही नोकऱ्या आहेत. पण हरल्यावर पंचावर आरडाओरडा करायचा, हे मला जमत नाही. आणि ताई, खरं सांगू? तुम्ही तिथे होतात म्हणून मला हे पचलं. नाहीतर जन्मभर वाटत राहिलं असतं की आपलं नाव बघून कुणीतरी हात आखडला."

बाहेर शेजाऱ्यांनी कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत नेला. त्याची चाकं फरशांवरून खडखडत गेली आणि थांबली. सुचेताने ओट्याची कड धरली होती, ती सोडून तिने हात पदराला पुसावा तसा टॉपला पुसला. आतापर्यंत तिला एक वाट दिसत होती. ती वाट तिने काढलेली नव्हती, नुसती दुरून बघितलेली होती, आणि आज सकाळी या माणसाने तिच्याच नावाने ती बंद करून टाकली होती.

"परीक्षित," ती म्हणाली. "बैस जरा. मला तुला..."

"नको ताई."

"ऐक तर."

"नको म्हणजे खरंच नको." त्याने दोन्ही हात वर केले, गरम भांडं पुढे आलं की करतात तसे. "तुम्हाला वाईट वाटतंय, तुम्ही माझ्या समाधानासाठी काहीतरी सांगाल. आत काय झालं, कोण काय बोललं. ते मला कळलं, की मला ते डंकनला सांगावं लागेल. नाही सांगितलं तर मी चोर, सांगितलं तर तुमची नोकरी. मी भांडी ठेवायला आलोय. माझ्यामुळे तुम्हाला डाग लागायला नको."

"डाग तुझ्यामुळे नाही लागत रे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करत कोट चढवू लागला. त्याच्या दृष्टीने तो तिला सांभाळत होता. तिला ओरडून सांगावंसं वाटलं आणि त्याच क्षणी हेही दिसलं की तो म्हणतोय ते नियमाला धरूनच आहे. त्याला सांगायचा तिला अधिकार नव्हता. आणि त्याला सांगून काय झालं असतं? तो म्हणाला असता, जाऊ द्या ताई. त्याने माफ करून टाकलं असतं, तिथल्या तिथे, गाडीची किल्ली हातात घेऊन. म्हणजे नोकरीही त्याची गेली आणि माफ करायचं कामही त्यानेच केलं.

"पिठलं राहिलं दादांचं," दारात तो म्हणाला. "शुक्रवारचा ट्रॅफिक आहे, एम-थ्री मोटरवे जाम व्हायच्या आत सटकतो. आणि समई कोरडी ठेवा बरं का, शेडमध्ये ओल आहे. घरातच असू द्या."

"ठेवते."

"गणपतीला आम्ही नसलो तर झाऱ्यांना तेवढं सांभाळा. लोक घरी घेऊन जातात आणि विसरतात."

तो फाटकापाशी वळून हात हलवून गेला. गाडी कोपऱ्यावर दिसेनाशी झाल्यावर तिने दार लावलं.

स्वयंपाकघरात येऊन तिने ऑफिसचा फोन हातात घेतला आणि ती खुर्चीवर बसली. घाई करण्यासारखं होतं आणि तरी ती बसून राहिली. तिने स्वतःला एकेक गोष्ट सांगून पाहिली. आता बोलून टर्नस्टोनला कंत्राट मिळेलच असं नाही. सगळी निविदा रद्द होईल, महिने जातील, मार्च तर थांबणार नाही. परीक्षित तोवर नागपूरला पोचलेला असेल. तिचं मात्र नक्की काहीतरी होईल. या पदावर तर ती राहणार नाहीच. आणि हे सगळं त्याला कळेल. माफी मागणाऱ्याच्या तोंडून नव्हे, सरकारी पत्रातून. वैभवीला कळेल, मंडळात कळेल. सुचेताने आपल्या माणसाला मारलं, असं लोक म्हणतील, आणि कुणी काय म्हणेल या एकाच भीतीने तिने त्याला मारलं होतं. यातलं कोणतंच कारण खोटं नव्हतं. त्या बैठकीतही तिची सगळी कारणं खरीच होती.

जिन्यावर मिलिंदची पावलं वाजली. "गेला पण? मी बेसन कालवायला घेणार होतो." मग तिच्याकडे बघून त्याने विचारलं, "काय गं? कुणाला फोन?"

"ऑफिसला."

"शुक्रवारी या वेळेला? उद्या कर की."

"उद्या उपयोग नाही," ती म्हणाली आणि तिने नंबर लावला.

हॉवर्डने लगेच उचलला. तो खुशीत होता. त्याने आधी पावसाचं सांगितलं, मग गुडघ्याचं, मग म्हणाला की बरं झालं फोन केलास, टर्नस्टोनकडून काही आलेलं नाही, आता येईल असं वाटत नाही, सोमवारी सकाळी करारावर सही करून टाकू आणि समितीला केक आणू. सुचेताने त्याला मधे तोडलं नाही. मिलिंद बेसनाचा डबा हातात घेऊन उभा होता.

"हॉवर्ड," ती म्हणाली, "सोमवारी सही करू नकोस."

पलीकडे खुर्ची करकरली. आवाज आला तो वेगळा होता, कामाचा. "का? कुणी हरकत घेतलीय का?"

"हो," सुचेता म्हणाली. "मी घेतेय." आणि पुढचा प्रश्न यायची वाट बघत ती टेबलाला हात टेकून बसून राहिली.